मकरपुऱ्यात करून घेतलेले पुस्तकांचे रॅक: दहा महिने वापरल्यावर

आमचं वाचनालय बडोद्यात अकोट्याच्या बाजूला, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, दोन खोल्यांचं. पुस्तकं साधारण सहा हजार, त्यात दिवाळी अंकांचे बांधीव गठ्ठे आणि कोशांचे जाडजूड खंड. मी इथे आठवड्यातून तीन दिवस बसते. त्याआधी सत्तावीस वर्षं पॉलिटेक्निकच्या स्ट्रक्चर्स लॅबमध्ये काढली, म्हणून रॅक घ्यायचं काम सचिवकाकांनी माझ्याकडे सोपवलं. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या फॅब्रिकेटरकडून, म्हणजे पत्र्याची कामं करून देणाऱ्याकडून, आम्ही सहा रॅक करून घेतले. त्यांना आता दहा महिने झाले, एक पूर्ण पावसाळा गेला. म्हणून आता लिहिते आहे. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर फक्त रंग कसा आहे तेवढंच सांगता आलं असतं.

आधी जुन्या रॅकचं सांगायला हवं, कारण त्याशिवाय नव्याचं मोल कळणार नाही. स्लॉटेड अँगलचे, म्हणजे भोकं पाडलेल्या काटकोनी पट्ट्यांचे, पाच रॅक आम्ही तयार घेतले होते, प्रत्येकी २६०० रुपयांना. सात फूट उंची, तीन फूट लांबी, सहा खण. दुकानदाराने ‘चौदा गेज आहे, एका खणाला शंभर किलो बिनधास्त’ असं सांगितलं होतं. तीन-चार वर्षं रॅक उभे होते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी आत शिरलं, गुडघ्याच्या वर चढलं, आणि खालच्या दोन खणांतली पुस्तकं गेली. पाणी ओसरल्यावर आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं की यापुढे खालचे दोन खण नकोतच. पत्रे काढून टाकले, वाचलेली पुस्तकं वरच्या चार खणांत दोन-दोन ओळींत लावली. त्या वेळी आम्हाला वाटलं, खाली वजन नाही म्हणजे रॅक आणखी सुरक्षित.

जानेवारीत एका संध्याकाळी खिडकीकडच्या रॅकने कंबर टाकली. पडला नाही, शेजारच्यावर रेलला. खोलीत एक आजोबा आणि दोन शाळकरी मुली होत्या, कुणाला काही झालं नाही. पण त्या रात्री मला झोप आली नाही, कारण ते खण काढताना मी स्वतः तिथे उभी होते आणि मला हे दिसायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ओळंबा आणि व्हर्निअर घेऊन गेले. जे चार अजून उभे होते त्यांपैकी एकाच्या माथ्यावरून ओळंबा सोडला तर पायाशी २२ मिलिमीटर अंतर. व्हर्निअरने अँगलची जाडी रंग खरवडून मोजली तर १.६, म्हणजे सोळा गेज. चौदा गेज म्हणजे २ मिलिमीटर. आणि पुरात बुडालेल्या खालच्या फूटभर भागात गंजाने खाऊन १.२ च्या आसपास. रेललेल्या रॅकचा मागचा खांब पायापासून पहिल्या उरलेल्या खणापर्यंत नुसता वाकला नव्हता, पिळला होता. अँगलच्या दोन पाकळ्यांपैकी एक बाहेर उघडली होती, दुसरी आत वळली होती.

आता हिशेब बघा. त्या रॅकमधली पुस्तकं नंतर काट्यावर घातली, चारशे किलोच्या आत-बाहेर भरली. चार खांब, म्हणजे एकावर शंभर किलो. ३५ बाय ३५ च्या, १.६ जाडीच्या अँगलचं क्षेत्रफळ ११२ चौरस मिलिमीटर. म्हणजे पोलादावर दाब पडत होता दर चौरस मिलिमीटरला जेमतेम ९ न्यूटन. साधं पोलाद २५० पर्यंत दबत नाही. गंज धरला तरी ताकदीचा दहावा हिस्सासुद्धा वापरला गेला नव्हता, तरी खांब गेला. कारण बारीक, लांब खांब चिरडून जात नाही, तो बाजूला निसटून जातो. गणितज्ञ ऑयलरने १७४४ मध्ये हे गणितात मांडलं: खांब किती वजनाला वाकेल ते पोलादाच्या मजबुतीवर ठरत नाही, त्याच्या ताठपणावर आणि दोन आधारांमधल्या लांबीवर ठरतं. आणि लांबी येते ती वर्गाने. लांबी दुप्पट, ताकद चौथाई.

खण म्हणजे नुसता पत्रा नव्हे, खांबाला धरून ठेवणारा हात असतो. आधी दर ४०० मिलिमीटरला एक हात होता. आम्ही खालचे दोन काढले तेव्हा जमिनीपासून ८७५ मिलिमीटर खांब मोकळा झाला. त्यातही पायाला फक्त प्लास्टिकची टोपी, म्हणजे तिथे बिजागरी, आणि मागे तिरकी पट्टी नाही, म्हणजे वरचा सगळा डोलारा बाजूला सरकायला मोकळा. अशा स्थितीत हिशेबातली लांबी दुप्पट धरतात, १७५०. ४०० कुठे आणि १७५० कुठे. वर्ग केला तर ऑयलरच्या सूत्रात खांबाची ताकद एकोणिसाव्या हिश्शावर आली. तरीही एका खांबाचा आकडा पावणेचारशे किलोच्या आसपास येतो. पण तो कोरा, सरळ, १.६ जाडीचा खांब आणि वरचा सांधा अगदी घट्ट धरून. आमचा सांधा म्हणजे लांबोळक्या भोकात एक बोल्ट. तो जरा ढिला झाला की बाकी काही उरत नाही.

दुकानदार गेजबद्दल चुकीचं बोलला, हे खरं. पण एका खणाला शंभर किलो हे वाक्य तसं खोटं नव्हतं. एक पत्रा शंभर किलो धरेलही. फक्त ते वाक्य खांबाबद्दल काहीच सांगत नाही. रॅक घेताना सगळे खणाचं वजन विचारतात, मीही तेच विचारलं होतं.

मकरपुऱ्यातला हा फॅब्रिकेटर मला एका जुन्या विद्यार्थ्याने सुचवला. शेड लहान आहे, पत्रा कापायचं एक शिअरिंग, तो वळवायचा एक ब्रेक प्रेस, कोपऱ्यात बेअरिंग काढायचा वीस टनी हायड्रॉलिक प्रेस. मालक गुजराती, साठीचे, पत्र्यावर हात फिरवून गेज सांगतात आणि नंतर व्हर्निअर लावून दाखवतात. मी माझं रेखाचित्र दिलं: अँगल नको, सी आकाराचा खांब, पोट म्हणजे मधली बाजू ६० मिलिमीटर, दोन्ही पाकळ्या ४०, आणि पाकळ्यांच्या टोकाला १२ ची कड आत वळवलेली. पत्रा २ मिलिमीटर. ते म्हणाले, “बेन, कोर वाळवी होय तो पतरू वधारे जशे.” म्हणजे कड वळवायची तर पत्रा जास्त जाईल. खरंच जातो, सहाव्या हिश्शाने. मी म्हटलं, दोन तुकडे करा, एक कडेचा, एक बिनकडेचा, आणि तुमच्या प्रेसवर दाबून बघू. दुसऱ्या कुणी उडवून लावलं असतं. त्यांनी लगेच फूट-फूटभर लांबीचे दोन तुकडे वळवले आणि दोन्ही टोकं ग्राइंडरने सपाट केली.

ती पाच मिनिटं मला लॅबमधल्या कितीतरी तासांपेक्षा जास्त लक्षात राहतील. बिनकडेचा तुकडा आधी ठेवला. प्रेसचा काटा पाच टनांकडे गेला तेव्हा पाकळीच्या मोकळ्या धारेला लहर उठली. एका बाजूची धार बाहेर, तिच्यासमोरची आत, जशी तव्यावर पापडाची कड उचलते. मालकांनी पंप थांबवला आणि बोट लावून पाहिलं. पुढे दाबलं तर तुकडा लगेच गेला नाही, काटा सहाच्या जरा वर गेला आणि मग एका जागी घडी पडली. पातळ पत्र्याचा हा गुण मला फार आवडतो. लहर उठली म्हणजे संपलं असं नाही. मधला भाग अंग काढून घेतो आणि भार कोपऱ्यांकडे सरकतो, कारण कोपरे ताठ असतात. फॉन कारमानने १९३२ मध्ये यावरूनच परिणामकारक रुंदीची कल्पना मांडली, म्हणजे हिशेबात कोपऱ्यांजवळची भार घेणारी रुंदीच धरायची, आणि पुढे कॉर्नेल विद्यापीठात जॉर्ज विंटर यांनी भरपूर चाचण्या करून तिला कामाचं सूत्र दिलं. पातळ पत्र्याच्या बांधकामाचं आपल्याकडचं मानक आयएस ८०१, १९७५ चं, त्याच वाटेने जातं.

मग कडेचा तुकडा. पाच टनांना काही नाही. सहाला काही नाही. धार सरळ, रंगारी दोरी मारल्यासारखी. साडेआठच्या आसपास एकदम पोटात खळगा पडला आणि काटा उतरला. सहावा हिस्सा जादा पत्र्यात जवळजवळ चाळीस टक्के जास्त वजन. मालकांनी दोन्ही तुकडे शेजारी ठेवले, बराच वेळ बघितले, आणि नंतर कडेबद्दल पुन्हा बोलले नाहीत. ते तुकडे आता त्यांच्या टेबलावर आहेत, येणाऱ्या गिऱ्हाइकाला दाखवतात.

हे का होतं ते थोडक्यात. एका बाजूने धरलेली आणि दुसऱ्या बाजूने मोकळी पट्टी आणि दोन्ही बाजूंनी धरलेली पट्टी, यांच्या लहरण्याच्या सूत्रात एक गुणांक असतो. मोकळ्या धारेला तो ०.४३, दोन्हीकडून धरलेल्याला ४. नऊ पटींहून जास्त. पाकळीची धार वळवली की मोकळी पट्टी धरलेली होते. मग तिच्या लहरण्याचा प्रश्नच मिटतो, पोलाद आधी दबतं. पण कड नुसती नावाला नको. फार आखूड असली तर कड आणि पाकळी मिळून दाराच्या फळीसारखी कोपऱ्यावर फिरते. आयएस ८०१ साध्या कडेला जाडीच्या किमान ४.८ पट खोली मागतं, म्हणजे आमच्या २ मिलिमीटरला ९.६, आणि पाकळी रुंद असेल तर त्याहून जास्त. ब्रेक प्रेसच्या त्यांच्या डायमध्ये, म्हणजे साच्यात, बाराच्या खाली कड पकडलीच जात नव्हती, त्यामुळे बारा दोन्हीकडून जमलं.

सुजाण वाचक इथे विचारेल की खांबावर शंभर-सव्वाशे किलो येणार, मग साडेआठ टनांचं कौतुक कशाला? बरोबर आहे. तो आकडा फूटभर तुकड्याचा आहे, सात फुटी खांबाचा नाही. आमच्या रॅकला कडेचा खरा उपयोग वेगळा आहे: खणांचे ब्रॅकेट पाकळीवर बोल्टने बसतात, भार मधोमध न येता एका अंगाला येतो, आणि सी आकार उघडा असल्याने त्याला पिळायची सवय असते. कड असली की पाकळी जागची हलत नाही, शिडी टेकली किंवा पुस्तकांची गाडी आपटली तरी चेपत नाही. पण माझं मत विचाराल तर पैसे कमी असतील तेव्हा कड सोडा, तिरक्या पट्ट्या सोडू नका. जुन्या रॅकला पाठीला दोन तिरक्या पट्ट्यांची एक फुली असती तर सोळा गेज असूनही तो रेलला नसता, असं मला ठामपणे वाटतं.

या पट्ट्यांवरून आमची थोडी ओढाताण झाली. मधल्या चार रॅकमधून दोन्ही बाजूंनी पुस्तकं काढायची होती, पाठीला फुली मारली तर एक बाजू बंद. मालक म्हणाले पट्टी काढून टाकू, कोपऱ्याला गसेट, म्हणजे पत्र्याचा तिकोनी तुकडा, देऊ. मी नाही म्हटलं. शेवटी दोन रॅक पाठीला पाठ लावून जोडले आणि फुली दोघांच्या मधल्या फटीत बसवली. बाजूच्या चौकटींनाही झिगझॅग पट्ट्या आहेत. विद्यार्थ्यांना मी कॅनडातल्या क्वेबेक पुलाचं उदाहरण द्यायची. १९०७ मध्ये तो बांधतानाच कोसळला, ७५ कामगार गेले. दाब घेणारे मोठे भाग जाडजूड होते, पण त्यांना आपसांत बांधून ठेवणाऱ्या जाळीच्या पट्ट्या फार हलक्या होत्या. तिथे तोललं जाणारं वजन हजारो टनांचं, इथे पुस्तकं, पण पट्टी तीच.

फुलीसाठी २५ बाय ३ ची फ्लॅट पट्टी आहे. रॅक आल्यावर एका सभासदाने तो बाजूने ढकलून पाहिला आणि तक्रार केली की एक पट्टी सैल पडते, पोक काढते. ती पडणारच. ढकललं की फुलीतली एक पट्टी ताणली जाते, दुसरी दाबली जाते. दाबलेली इतकी बारीक असते की ती वाकून बाजूला होते, आणि ताणलेली एकटी सगळं काम करते. दुसरीकडून ढकललं की पाळी बदलते. दोन पट्ट्या त्यासाठीच असतात. सैल दिसली म्हणून ती कुणी काढू नये, हे मी आता रॅकच्या कडेला चिठ्ठीवर लिहून ठेवलं आहे.

पायाला १०० बाय १०० ची ५ मिलिमीटर प्लेट आहे आणि फरशीत अँकर बोल्ट. सगळ्यात खालचा खण जमिनीपासून ४५० मिलिमीटरवर. पुराची भीती आहे म्हणून त्याच्या खाली खण नाही, पण त्या जागी खांब मोकळे सोडलेले नाहीत, जमिनीपासून दीडशेवर एक आडवी पट्टी चारही बाजूंनी आहे आणि फुली तिथून सुरू होते. वजनावर भाव ठरला होता. एक रॅक ५१ किलो भरला, १२५ रुपये किलोने ६३७५ रुपये, पावडर कोटिंग त्यातच. तयार रॅकच्या अडीच पट. मला तो भाव रास्त वाटतो, कारण प्रत्येक खांबाची जाडी त्यांनी माझ्यासमोर कोटिंगच्या आधी मोजू दिली आणि कुठेही १.९५ च्या खाली आली नाही.

आता उणिवा. सांगितलेल्या तारखेपेक्षा बारा दिवस उशीर झाला, फोन केला की “काल पक्कू”, म्हणजे उद्या नक्की, हे उत्तर यायचं, आणि वाचनालय तेवढे दिवस पोत्यांतून चाललं. दोन रॅकच्या बेस प्लेटची भोकं एका रेषेत नव्हती, फरशीत पुन्हा भोक पाडावं लागलं. कडेची कापलेली टोकं धारदार राहिली होती. एका सभासदाचं बोट कापलं, मग मीच कानस घेऊन सगळी टोकं घासली. हे त्यांच्याकडूनच व्हायला हवं होतं. आणि कोटिंग. सी आकाराच्या आतल्या कोपऱ्यांत, विशेषतः कडेच्या मागे, पावडर नीट पोहोचत नाही. स्थिर विजेने चिकटणारी पावडर जवळच्या धारांकडेच ओढली जाते. बाहेरून रॅक छान राखाडी, आत टॉर्च मारला तर पत्रा उघडा दिसत होता. पावसाळ्याआधी खालच्या दीड फुटात ब्रशने आतून प्रायमर मारून घेतला. हे त्यांना सांगितल्यावर त्यांनी वाद घातला नाही, प्रायमरचा डबा आणि एक मुलगा पाठवून दिला, पैसे घेतले नाहीत.

लहानपणी बाबा मला मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत न्यायचे. सयाजीराव महाराजांनी बोलावलेल्या बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाने १९१० नंतर तिथली व्यवस्था लावली. लोखंडी रॅकचे मजले, आणि मधली जमीन काचेची, म्हणजे वरचा उजेड खाली यावा. वर कुणी चाललं की काचेतून सावली सरकायची. तेव्हा मला फक्त त्या सावलीची गंमत वाटायची. या वर्षी रॅकचं काम काढलं तेव्हा पुन्हा गेले आणि या वेळी खांब पाहिले, किती जवळजवळ, आणि प्रत्येक मजल्यावर कसे बांधलेले. खालचे खांब वरची जमीन आणि वरची पुस्तकं दोन्ही तोलतात, कितीतरी वर्षं.

गेल्या रविवारी सहाही रॅकना पुन्हा ओळंबा लावला. पाच रॅकमध्ये फरक मोजण्याजोगा नाही. खिडकीकडच्यात माथ्याशी ३ मिलिमीटर कल आहे, पण तो बसवल्या दिवशीही ३ च होता, फरशी तिथे खचलेली आहे. आडव्या पट्टीचे दोन बोल्ट हाताने फिरत होते, ते आवळले. त्यांनी साधे नट दिले होते, पुढच्या वेळी सहज ढिले न होणारे नायलॉनवाले मागणार आहे. दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यांसाठी आणखी दोन रॅक सांगून आले आहे, या वेळी टोकं घासून द्यायचं कबूल करून घेतलं आहे आणि उशिराचे दिवस मीच धरून तारीख लिहिली आहे. आजोबा परत त्याच खिडकीशी बसायला लागले आहेत.